पाहणीच्या आधी झाडू नका

दादाच्या डाव्या डोळ्यात गिट्टीची कपची गेली, ती कुणी फेकून मारली नव्हती. हे आधीच लिहून ठेवते, कारण ठेकेदाराच्या माणसानं दवाखान्यात नर्सला नेमकं उलटं सांगितलं होतं. पोरं आपसात मस्ती करत होती, लागला दगड. दादा बाकावर बसून होता, डोळ्यावर रुमाल दाबून. त्यानं ते ऐकलं आणि तो गप्प राहिला. मी गप्प राहिले नाही. नर्सनं मला बाहेर काढलं.

दादा तेव्हा विमानतळावर कामाला होता. घमापुरातल्या आमच्या गल्लीत हे एवढंच सांगितलं तरी पुरायचं. आईला भाजीवालासुद्धा विचारायचा, बेटा क्या हवाई जहाज चलाता है. आई हसून पुढं जायची, हो म्हणायची नाही आणि नाहीही म्हणायची नाही. खरं काम असं होतं: विमान आलं की त्याच्या चाकांना अडसर लावायचे, सामान उतरवायचं, चढवायचं, अडसर काढायचे. त्या अडसरांना तिथं चॉक म्हणतात आणि विमान जिथं उभं राहतं त्या काँक्रीटच्या अंगणाला एप्रन. विमानं उभी राहायच्या जागा दोन. त्यातली कुंपणाकडची सडलेली.

सडलेली हा माझा शब्द. कागदावर तिला 'वापराने झिजलेली' म्हणतात. लाद्यांच्या कडा तुटलेल्या, सांध्यांतलं डांबर निघालेलं, वरची साल जाऊन आतली गिट्टी उघडी. ती रोज थोडी थोडी सुटते. त्या जागेवर येतात ती पंख्यांची विमानं. विमान वळलं की त्या पंख्याचा झोत जमिनीवरून सुटी गिट्टी उचलतो आणि समोर जो असेल त्याच्या तोंडावर आणतो. समोर कोण असतं? चॉक हातात घेतलेला माणूस. त्याला तोंड फिरवता येत नाही, पाठ करता येत नाही, कारण पंखा थांबल्याची खूण दिसेपर्यंत नजर विमानावर ठेवायची असते. चष्मे दिले होते. इतके ओरखडे पडलेले की घातले तर चाक दिसेना, म्हणून सगळ्यांचे चष्मे कपाळावर.

डोळ्याच्या डॉक्टरांनी दादाला समोर बसवून सांगितलं की डाव्या डोळ्यावरचा डाग राहणार, त्यातून धूसरच दिसेल. उजवा सांभाळ. असं दुसऱ्यांदा झालं तर माझ्याकडं येऊन उपयोग नाही.

तर गोष्ट एवढीच आहे. उजवा डोळा.

मी म्हटलं, काम सोड. दादा म्हणाला, "सोडून काय करू? तुझ्यासोबत पत्रकं वाटू?"

पट्टी निघाली तसा तो परत गेला. त्याच जागेवर.

*

आमची संघटना म्हणजे मदन महल स्टेशनाजवळच्या चहाच्या टपरीवर बसणारे आम्ही मोजके लोक, एक बॅनर, आणि भैया. भैयांनी विद्यार्थी असल्यापासून आंदोलनं केली. पत्रक कसं लिहायचं ते मी त्यांच्याकडं शिकले. पहिल्या ओळीत राग, दुसऱ्या ओळीत मागणी, तिसऱ्या ओळीत तारीख. कारणं देत बसायचं नाही, कारणं द्यायचं काम समोरच्याचं. रस्त्यांच्या वेळी आमचं 'सर्वे नहीं, सड़क दो' चाललं होतं. लोकांच्या तोंडी बसलं होतं. खरंच दोन गल्ल्या पक्क्या झाल्या त्याच्यावर.

एप्रनबद्दल मी चौकशी करायला लागले तेव्हा कळलं की ते उखडून नवं बांधायची गोष्ट जुनीच आहे. पण बांधायच्या आधी एक पायरी असते. जमीन तपासायची, काँक्रीटचे गोल तुकडे कापून काढायचे, खाली काय आहे ते बघायचं, नकाशा करायचा, बांधताना देखरेख ठेवायची. हे सगळं करणारा सल्लागार नेमायला मंजुरी लागते. ती मंजुरी देते सल्लागार समिती. नाव तेच, पण ही वेगळी: नेते, व्यापारी, अधिकारी, आणि दाखवायला एक नागरिक प्रतिनिधी. ही समिती दर वेळी विमानतळावर पाहणीला जायची, मग सिव्हिल लाइंसमधल्या दालनात बैठकीला बसायची, आणि दर वेळी विषय पुढं ढकलायची. का, तर पाहणीत एप्रनची अवस्था समाधानकारक आढळली.

समाधानकारक. माझ्या भावाच्या डोळ्यावर डाग आहे आणि तुमचं समाधान झालंय.

मी तावातावानं टपरीवर गेले. भैयांना सांगितलं की आपण यात उतरायचं. ते लगेच तयार. बोटांनी टेबलावर ठेका धरत म्हणाले, "लिख. कंसल्टेंट नहीं, कांक्रीट दो."

"पण भैया, कन्सल्टंटच अडवून धरलाय त्यांनी. तो आला तरच काँक्रीट येणार."

"तो आला की फाइल येणार. फाइल आली की पाच वर्षं गेली. तू नवी आहेस."

"माझा भाऊ रोज उभा राहतो तिथं."

"म्हणून तर सांगतोय. उद्या गिट्टी-सिमेंट टाका म्हण. सरळ मागणी. जनता सॉइल टेस्ट समझेगी क्या?"

पत्रक त्यांनी स्वतः लिहिलं. मी पहिल्यांदाच पत्रकांचा गठ्ठा न घेता उठले. "काय, आता इंजिनियर झाली का तू," असं मागून कुणीतरी म्हणालं. हसले सगळे. मीही हसले असते, दुसऱ्या कुणाच्या भावाचा डोळा असता तर.

*

विमानतळाच्या बांधकामाचं काम बघणाऱ्या इंजिनियर मॅडम निघाल्या मराठी. सिव्हिल लाइंसमधल्या जुन्या मराठी घरातल्या, आमच्यासारख्या नागपूर-भंडाऱ्याकडून आलेल्या नव्हेत. त्यांचं मराठी इस्त्री केलेलं. मी भांडायलाच गेले होते. खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं की थिगळं लावून तरी का भरत नाही तुम्ही लोक.

"भरतो की. दर वर्षी भरतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही राहता कुठे?"

"घमापुर."

"उन्हाळ्यात तुमच्या भिंतीला तडा जातो?"

"जातो."

"पावसाळ्यात दार घासतं?"

दार तर असं घासतं की आई लाथ मारते त्याला. मी मान हलवली.

"काळी माती. फुगते, आकसते. एप्रनखाली तीच आहे, असं मला वाटतं. वाटतं, कारण कुणी खणून बघू दिलेलं नाही. वर मी कितीही चांगलं काँक्रीट ओतलं तरी एका पावसाळ्यात ते सुटणार. आणि सुटलं की तीच गिट्टी होऊन उडणार." मग त्यांनी आमचं पत्रक माझ्यापुढं सरकवलं. कुठून मिळालं होतं कोण जाणे. "तुमचे लोक आणि विषय पुढे ढकलणारे, दोघे मिळून मला एकाच दाराबाहेर उभं करताय."

मला राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा. मी विचारलं, मग पाहणीत ते समितीला दिसत कसं नाही? आंधळे आहेत?

मॅडमनी पेन बंद केलं. "झाडलेलं असतं ना. लख्ख."

मला कळेना. त्यांनी सांगितलं. समिती येणार असली की ठेकेदाराचा सुपरवायझर माणसं लावून अख्खं एप्रन झाडून घेतो. खड्ड्यांतली सुटी गिट्टी वेचतात, कडांवर पाणी मारतात, पांढऱ्या रेघा पुसून चकचकीत करतात. पाहुणे येतात, ओल्या काँक्रीटवरून चालतात, म्हणतात वा. "साफ ठेवणं हा नियमच आहे. झाडू नका असं मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकत नाही. काही उडालं तर पहिली जबाबदारी माझी."

"कोण झाडतं?"

त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मी कुणाची बहीण आहे ते त्यांना ठाऊक होतं.

"झाडायचं मशीन बंद आहे," एवढंच म्हणाल्या.

*

आमच्या घरात खराटा हा साधा शब्द नाही. आजोबांनी गाव सोडलं ते गावची वाट झाडायला नकार देऊन. इथं येऊन रेल्वेत लागले. विहारात ही गोष्ट आई अजून सांगते, नव्या सुनांना बसवून. आमच्या घरातला माणूस दुसऱ्याच्या दारात खराटा धरणार नाही. दादा नोकरीला लागला तेव्हा आईनं पहिला प्रश्न तोच केला होता आणि दादा म्हणाला होता, तिथं सगळं मशीन करते.

समितीच्या पुढच्या पाहणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दादा जेवायला बसला. मी भाकरीचं ताट त्याच्यापुढं ठेवलं आणि ठेवता ठेवताच सुरू झाले. आईला ऐकू जाऊ नये म्हणून हळू, पण मला हळू बोलता येत नाही.

"उद्या झाडू नको."

तो थांबला. "कोण बोललं तुला?"

"झाडू नको, दादा. जसं आहे तसं दिसू दे त्यांना. तुम्हीच लपवून राहिले त्यांच्यासाठी."

"अन् विमान आलं तर?"

"येऊ दे."

"येऊ दे काय? पंख्यात गेली गिट्टी तर? टायरमध्ये घुसली तर? आत लोक बसले असतात, छोटी. तुझं पत्रक नाही ते, चुकलं तर दुसरं छापलं." त्याचा आवाज चढला. "अन् मी नाही झाडलं तर दुसरा झाडेल. चॉक घेऊन तर मीच उभा आहे ना समोर? माझ्याच तोंडावर येईल. मग आण तुझ्या समितीला दवाखान्यात, दाखव."

तिथं धोका दाखवायचा म्हणजे तो पसरून ठेवायचा, आणि पसरून ठेवला की समोर पहिला दादाच. मी पत्रकात असली अडचण कधी लिहिली नव्हती.

आई चुलीपाशी नव्हती. दारात होती. किती वेळ होती कुणास ठाऊक.

"मशीन खराब आहे काय?" तिनं विचारलं.

दादानं घास खाली ठेवला. "हो."

"कधीपासून?"

"मी लागलो तेव्हापासून."

मला वाटलं आई आता रडेल, नाहीतर ताट उचलून नेईल. ती आत आली, त्याच्यासमोर जमिनीवर बसली. त्याच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूला सरकून बसली, हल्ली ती तशीच बसते.

"कोणासाठी झाडतं तू?"

"विमानासाठी, आई. तो नियम आहे. पायलटसुद्धा उतरून बघतो. त्यात कमीपणा नाही काही."

"बरं. विमानासाठी झाड. त्याले मी काही म्हणत नाही." मग म्हणाली, "अन् साहेब यायच्या आधी झाडतं, ते कोणासाठी?"

दादानं ताट जरा पुढं सरकवलं.

"विमान येणार नसते तेव्हा, फक्त साहेब येणार असते तेव्हा, ते कोणासाठी रे?"

"सुपरवायझर बोलतो म्हणून."

"तुझ्या आजाले पण कोणीतरी बोलतच होतं."

त्यानंतर कुणी जेवलं नाही नीट. दादा उठून गॅलरीत गेला. मी गेले नाही मागं. आईनं भाकरी फडक्यात बांधल्या आणि मला म्हणाली, "तू काहून आता गप्प? सांग ना काही. रोज तर लय बोलतं."

*

नागरिक प्रतिनिधीची जागा आमच्या संघटनेकडं होती. भैयांनी ठरवलं की पाहणीवर बहिष्कार आणि बैठकीच्या वेळी दालनाबाहेर घोषणा. मी म्हटलं मी आत जाणार. "जा," ते म्हणाले, "पण संघटनेच्या नावानं नको." मी संघटनेच्याच पासवर गेले. पास भैयांच्याच नावाचा होता, पण दारावरच्या शिपायानं वाचला नाही. त्यानं मला नारिंगी जाकीट दिलं, गुडघ्यापर्यंत येणारं.

समितीचे लोक आतल्या खोलीत खोव्याची जिलबी खात होते. बाहेर काचेतून एप्रन दिसत होतं. सकाळचं विमान कुंपणाकडच्या जागेवरून नुकतं निघालं होतं. पुढचं यायला अजून अवकाश होता, आणि मधल्या त्या वेळातच पाहणी ठरलेली. दादा आणि त्याचे जोडीदार रिकाम्या जागेच्या कडेला उभे होते. खराटे भिंतीला टेकवलेले.

सुपरवायझर त्यांच्यापाशी गेला. मला शब्द ऐकू येत नव्हते, हात दिसत होते. हात आधी खराट्यांकडं, मग आमच्या काचेकडं, मग घड्याळाकडं. दादाची मान हलली. नाही. सुपरवायझर जवळ सरकला. दादा पुन्हा नाही. मग दादानं आभाळाकडं बोट दाखवलं, जिकडून विमान येतं तिकडं. एवढंच. विमानाची वेळ झाली की झाडतो. मी हे नंतर त्याच्याकडून ऐकलं, पण काचेतूनही मला कळलं होतं.

मॅडम माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनीही पाहिलं. मग अध्यक्षांकडं वळून म्हणाल्या, "सर, चलें? फिर फ्लाइट का टाइम हो जाएगा."

अध्यक्ष म्हणजे शहरातले मोठे पुढारी. पांढरा कुर्ता, पांढरे बूट. बाहेर आले, चार पावलं चालले आणि थांबले. पायाखाली कचकच झालं.

"ये क्या है?"

सुपरवायझर धावत आला. "सर, अभी साफ़ करवा रहा हूँ. लड़के लेट हो गए." मग दादाकडं वळून ओरडला, "अब खड़े क्या हो, मारो झाड़ू."

दादा हलला नाही. सगळे त्याच्याकडं बघत होते आणि मी माझ्या जाकिटाची कड मुठीत धरून उभी होते. समितीतला व्यापारी माणूस म्हणाला, "अच्छा, यूनियन-बाज़ी यहाँ भी है." दोघं हसले. माझ्या ओठावर उत्तर आलं होतं. मॅडमनी माझं कोपर दाबलं, चांगलंच दाबलं.

अध्यक्ष सावकाश पुढं गेले. तुटलेल्या कडेपाशी त्यांनी बुटाच्या टोकानं ढकललं, तर मुठीएवढा तुकडा निघून घरंगळला. त्यांनी दुसरीकडं ढकलून पाहिलं. तिथंही. त्यांना त्यात मजा वाटायला लागली की काय, ते एकेक सांधा ढकलत चालले. आणि वेळ चालला होता. टॉवरकडून मॅडमच्या वायरलेसवर काहीतरी आलं, त्या म्हणाल्या, "सर, एयरक्राफ़्ट आ रहा है, पीछे चलना पड़ेगा." अध्यक्ष कुणाशी तरी फोनवर बोलायला लागले होते, त्यांनी हात वर केला, एक मिनट.

तेव्हा दादानं खराटा उचलला.

त्याचे जोडीदार त्याच्या मागं एका रांगेत. ते झाडत आले, सरळ समितीच्या दिशेनं. धूळ उठली. खराट्यापुढं गिट्टी सरकत होती आणि दोघं वाकून ती लोखंडी घमेल्यात टाकत होते. रिकाम्या घमेल्यात पहिले दगड पडतात तेव्हा आवाज मोठा होतो.

"अरे भाई, बाद में कर लेना," अध्यक्ष फोन बाजूला धरून म्हणाले. "कपड़े ख़राब हो रहे हैं."

"साहब, प्लेन आ रहा है," दादा म्हणाला. मान वर न करता.

"रुको ज़रा."

"नहीं रुक सकते, साहब."

तो थांबला नाही. सुपरवायझरनं त्याचा खांदा धरला, दादानं तो झटकला नाही, फक्त झाडत राहिला, त्यामुळं सुपरवायझरचा हात आपोआप सुटला. अध्यक्षांना मागं सरकावं लागलं. मग सगळ्यांनाच. ती रांग त्यांना ढकलतच पिवळ्या रेघेमागं घेऊन गेली. मला आयुष्यात कधी खराट्याकडं बघून अभिमान वाटला नव्हता, आणि तेव्हाही वाटला असं मी म्हणणार नाही. शेवटच्या घमेल्याला दोन माणसं लागली उचलायला.

विमान आलं. कुंपणाकडं वळलं. पंख्याचा झोत आमच्यापर्यंत आला तसे समितीतले सगळे वळले, अध्यक्ष पाठ करून उभे राहिले, व्यापाऱ्यानं तोंडावर फाइल धरली, मीसुद्धा डोळे मिटले. उघडले तेव्हा दादा दिसला. तो एकटाच विमानाकडं तोंड करून उभा होता, दोन्ही हातांत चॉक, चष्मा कपाळावर. एवढं झाडूनही काहीतरी टणकन सामानाच्या ट्रॉलीवर आपटलं.

त्याला काही लागलं नाही. मी दुरूनच दोनदा बघून खात्री केली.

*

दालनात बैठक बसली. बाहेर भैयांच्या घोषणा ऐकू येत होत्या. कंसल्टेंट नहीं, कांक्रीट दो. विषय आला तसा व्यापाऱ्यानं आमचंच पत्रक वर धरलं. "देखिए, जनता ख़ुद कह रही है, सलाहकार नहीं चाहिए. मेरा सुझाव है, अगली बैठक में लें."

अध्यक्षांनी माझ्याकडं पाहिलं. "ये तो आप ही लोगों का है?"

"हो," मी म्हटलं. मराठीत निघालं तोंडातून. मग हिंदीत बोलले. पत्रक आमच्याच संघटनेचं आहे आणि त्यातली मागणी अर्धी आहे. खाली काय आहे ते न बघता काँक्रीट ओतलं तर पुढच्या वर्षी तेच काँक्रीट लोकांच्या डोळ्यात जाईल. तपासणीला मंजुरी द्या. आणि बांधून होईपर्यंत ती कुंपणाकडची जागा बंद करा.

"जगह बंद करेंगे तो फ़्लाइटें कहाँ जाएँगी?" व्यापारी म्हणाला.

"ते मला माहीत नाही," मी हिंदीतच म्हटलं. "जो माणूस झाडत होता तो माझा भाऊ आहे. त्याचा एक डोळा गेला आहे. दुसरा आज तुम्ही पाहिलात, कुठं उभा होता ते."

बाहेरच्या घोषणेत भैयांचा आवाज फाटला आणि दुसऱ्या कुणीतरी घोषणा उचलली. मॅडम उभ्या राहिल्या. मंजुरी मिळाली तर जागा बंद करायचा आदेश आजच काढते, असं म्हणाल्या, पण ते बैठकीच्या नोंदीत यायला हवं. नोंदीत नसेल तर उद्या कुणीतरी उघडायला लावेल.

अध्यक्षांनी बूट टेबलाखाली एकमेकांवर घासले. कचकन आवाज आला.

"लिख लो," ते सचिवाला म्हणाले. "दोनों बातें. आगे."

आणि पुढचा विषय पार्किंगचा होता.

बाहेर आल्यावर भैया माझ्याशी बोलले नाहीत. जमलेल्या लोकांना मात्र म्हणाले की आंदोलनामुळं पहिला टप्पा जिंकला. असू दे.

*

जागा बंद झाली. तिच्याभोवती नारिंगी शंकू उभे राहिले. काही आठवड्यांनी यंत्र आलं आणि एप्रनमधून काँक्रीटचे गोल तुकडे कापून काढले. खाली काळी माती निघाली, मॅडमनी फोन करून सांगितलं. एकच जागा उरली म्हणून एक विमान कमी झालं. एक विमान कमी झालं म्हणून ठेकेदारानं माणसं कमी केली. कुणाला कमी करायचं ते सुपरवायझरनं ठरवलं.

मी ठेकेदाराच्या ऑफिसात जाऊन बसते, उठवलं तरी बसते. कामगार कार्यालयात अर्ज दिला आहे. दादा म्हणतो, जाऊ नको. मी जाते.

मागच्या आठवड्यात त्याला डोळ्याच्या डॉक्टरांकडं नेलं. डाव्यात धूसर आहे तसंच आहे. उजवा त्यांनी बराच वेळ तपासला, दिवा इकडून तिकडून मारला, मग दिवा बंद करून म्हणाले, एकदम साफ. तक्त्यावरची खालची सगळ्यात बारीक ओळसुद्धा त्यानं वाचली. मी मागं उभी राहून ती वाचायचा प्रयत्न केला, मला नाही आली.

"काम काय करता आता?" डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिता लिहिता विचारलं.

"सध्या घरी," दादा म्हणाला.

डॉक्टरांनी मान हलवली, चांगलं आहे, आराम मिळतो.

जिन्यावरून उतरताना मी म्हटलं, "साफ आहे म्हणाले."

"ऐकलं मी."

"मग?"

खाली रस्त्यावर चांगलंच ऊन होतं. मी म्हटलं थांब, रिक्षा बघते. तो थांबला नाही. त्यानं दोन्ही बाजूंना पाहिलं, डावीकडं मान जरा जास्त वळवून, आणि रस्ता ओलांडून पुढं चालू लागला.